दारात उभ्या राहणाऱ्या वकीलबाई

आमची सुटका केली ती वकीलबाईंनी. हे आधी लिहून ठेवतो. माझी शाळा आठवीत सुटली, लिहिता लिहिता मी भरकटतो. बाकी काही राहिलं तरी हे राहायला नको.

बाई स्लॅबखाली बसत नसत. लातूरच्या कोर्टाच्या आवारात कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली त्यांची खुर्ची. पाऊस आला की शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली सरकायच्या. कोर्टात तर जावंच लागे. तिथं त्या दारात उभ्या राहून बोलायच्या, एक पाय उंबऱ्याबाहेर. नवे जज्जसाहेब आले की म्हणत, "बाई, पुढं या." बाई म्हणत, "ऐकू येतंय ना साहेब? मग इथंच बरी आहे." त्यांचं माहेर उदगीरचं, लिंगायत आडत्याचं घर. सासर औशाकडचं. ते घर भूकंपात बसलं. आत कोण होतं हे बाईंनी कधी सांगितलं नाही, आणि लातुरात तसं कुणी कुणाला विचारतही नसे.

मी धर्माबादकडचा. भूकंपाला काही वर्षं झाल्यावर लातूरला आलो, खाणावळीत वाढपी म्हणून. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येत, एकेका खोलीत चौघं चौघं राहत आणि आमच्याकडं जेवत. खाणावळीच्या मागं बुटकी भिंत, पलीकडं एका कॉलेजचं मैदान.

बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळची पंगत चालू असताना हादरा बसला. मोठा नव्हता, मांडणीतली भांडी वाजली, बल्ब हलला. पण भांडी वाजली की उघड्यावर पळायचं आणि जागा कुणाची ते मागाहून बघायचं, हे तिकडं सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. भूकंपानंतर माणसं कित्येक महिने जिथं मोकळी जागा दिसेल तिथं झोपली होती, कुणी कुणाला हटकलं नव्हतं. पोरं हातातल्या ताटांसकट भिंतीवरून गेली. मी वरणाचं पातेलं घेऊन गेलो. पुन्हा आत जायला कुणाचा पाय उचलेना, म्हणून पोरं मैदानातच जेवायला बसली आणि मी वाढत राहिलो.

नेमके तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे पेपर कपाटात होते. संस्थेचे सेक्रेटरी आले. ऑफिसच्या इतक्या जवळ क्लासची पोरं बघून त्यांनी पोलीस बोलावले. पेपर चोरायच्या इराद्यानं बेकायदा आत शिरले, असा गुन्हा आम्हा सगळ्यांवर लागला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी जामीन केला, पोरांनी पेपर दिले. केस मात्र राहिली.

अशिलाला बोलतं करायची बाईंची रीत वेगळी होती. मी सुरुवात केली, "बाई, माझ्या मनात तसलं काही..." त्यांनी हात वर केला. "मनाचं राहू दे. पाय कुठं होते आणि हातात काय होतं, तेवढं सांग." मग एकेक पाऊल वदवून घेतलं. त्यात मी न सांगायचं ठरवलेलंही बाहेर आलं. कॉलेजचा वॉचमनसुद्धा आमच्यात जेवला होता. मीच त्याला वाढलं होतं. मी घाबरलो. "बाई, हे कोर्टात काढू नका. त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "न्हाई काढत. पण पुढच्या खेपेला वकिलाला शहाणपण शिकवायचं असलं तर आधी शाळा पुरी करून ये."

तारखा पडत राहिल्या. एका तारखेला एका पोराचे वडील आले, रेणापूरकडचे गुरुजी. बरोबर आमच्या खाणावळीचे मालक, आप्पा. मला झाडापाशी बोलावून गुरुजी बाईंना म्हणाले, "बाई, पोरांच्या ॲडमिशनला ही केस आडवी येतीय. ह्याचं काय अडतंय? ह्यानं म्हणावं, भिंतीवरची वाट मला ठाऊक होती, मीच पोरांना आत नेलं. आमची लेकरं मोकळी होतील." आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तुला कामावरनं काढणार न्हाई. शब्द देतो."

मी मान हलवलीसुद्धा होती. मला खरंच वाटलं होतं की माझं काही अडत नाही.

"हातात काय होतं रे तुझ्या?" बाईंनी मला विचारलं.

"वरणाचं पातेलं."

"गुरुजी, चोरीला निघालेला माणूस वरण घेऊन निघतो का हो? तुमच्याकडं कसं करतात?"

गुरुजी काही बोलायला गेले, तशा बाई कानडीत कडाडल्या, "सुम्न कूड." म्हणजे गप बस. मग शांतपणे म्हणाल्या, "ही सगळी पोरं एकाच हादऱ्याला पळाली. सुटतील तर सगळी सुटतील. ह्याला वेगळा काढायचा असला तर वकील दुसरा बघा." आणि माझ्याकडं वळून, "तू मान हलवायचं बंद कर आधी."

वॉचमनची साक्ष निघाली. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं, इतक्याशा हादऱ्यानं कोण पळतं? बाईंनी दारातूनच वॉचमनला विचारलं, "तुम्ही त्या वेळी कुठं होता?"

"ग्राउंडात."

"केबिन सोडून? का?"

"बाई, आमचं घर बसलेलं हाय भूकंपात. भांडं वाजलं की पाय थांबत न्हाईत."

"बस, साहेब," बाई म्हणाल्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला, पुढचं विचारलं नाही. पण तो पिंजऱ्यातून उतरेना. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "आन् साहेब, मीबी जेवलो त्यांच्यासंगं. ह्या पोरानं वाढलं. माझ्यादेखत कुणीबी ऑफिसकडं गेलं न्हाई."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या बाईंकडं आणि त्यांच्या उंबऱ्याबाहेरच्या पायाकडं बघितलं. पुढं आम्ही सगळे निर्दोष सुटलो, एकाच कागदावर. वॉचमनला कॉलेजनं काढलं. बाईंनी त्याला आपल्या भावाच्या आडतीत उदगीरला लावून दिलं, हे मला फार उशिरा कळलं.

आप्पांची खाणावळ बंद पडली तेव्हा मी सुरतेला निघालो. बाई स्टँडवर आल्या, शेडच्या बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बाई, घर बांधलं की तुम्हाला जेवायला नेणार."

"स्लॅबचं असलं तर येणार न्हाई."

"पत्र्याचं बांधतो."

"मग वरण कर," म्हणाल्या आणि रुमालात बांधलेली धपाटी माझ्या हातात दिली.

आता इथं एका कारखान्याचं कँटीन माझ्याकडं आहे. अजूनही खाकी कपडा दिसला की आपण कुणाच्या जागेत उभे आहोत ते मी आधी बघून घेतो. गावाकडं भिंती उभ्या राहिल्यात. गवंडी फोनवर म्हणतो, "दादा, सगळं गाव स्लॅब टाकून राहिलंय, तुम्हीच पत्रा का?" बाई आता थकल्यात, कोर्टात जात नाहीत, उदगीरला भावाकडं असतात. उशीर होईल या भीतीनं मला झोप लागत नाही. पण बाई, पत्रे चढले की मी स्वतः न्यायला येतो. दाराजवळची जागा तुमची, आणि पहिलं ताट तुमचं. वरण मीच वाढीन.