झऱ्याखालचा लाल थर

धाडजवळच्या आमच्या शेतातला झरा होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी बंद झाला. त्या दिवशी सकाळी झऱ्याच्या वरच्या उतारावर, तीस पावलांवर बोअर मारला होता. मी तिथं हजर होतो.

झरा लहान होता. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या खडकाच्या फटीतून बोटभर धार पडायची. घरचं पिण्याचं पाणी तिथलंच. वहिनी रोज दोन हंडे आणायच्या. दादा भाड्याच्या टेम्पोतून थंड पाण्याचे जार लग्नांत आणि दुकानांत पोचवत. ते पाणी दुसऱ्याच्या प्लांटचं. आपल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून शेगावच्या लॉजना द्यायचं, हे त्यांनी बरीच वर्षं मनात धरलं होतं. पन्नाशीनंतर जार उचलणं त्यांना जमेनासं झालं होतं.

"देवानं फुकट देल्लं पानी, त्याले झाकन लावून इकता का?" वहिनी म्हणाल्या.

"देवानं लेबल नाही लावलं ना. तेवढंच काम माह्यासाठी ठेवलं त्यानं."

लेबलं तेव्हा छापून आलीही होती. त्यांवर डोंगराचं चित्र होतं.

मी वर्तमानपत्रात नोकरीला. चौकशीची कामं दादा माझ्याकडे देत. मेहकरला राहणाऱ्या भूगर्भशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना मी शेतात आणलं. दादा त्या दिवशी एका लग्नाचे जार घेऊन गेले होते, म्हणून सरांचं बोलणं मी एकट्यानं ऐकलं.

सर म्हणाले, साध्या बाटलीबंद पाण्याला कुठलंही पाणी चालतं, मशीनमधून काढलं की झालं. नैसर्गिक मिनरल वॉटरचं तसं नाही. ते जमिनीतून येतं तसंच, उगमापाशीच भरावं लागतं. गाळता येतं, त्यातले क्षार काढता येत नाहीत, वरून घालताही येत नाहीत. क्षार खडकाकडून मिळतात. पावसाचं पाणी मातीतून, मुरमातून, खडकाच्या भेगांतून उतरत जातं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. आमच्या डोंगरात ते एका लाल थरावर अडत होतं. लाव्हाचा एक थर पसरल्यावर दुसरा येईपर्यंतच्या काळात तयार झालेली ती घट्ट माती. तिच्यातून पाणी खाली जात नाही, म्हणून आडवं सरकतं आणि उतारावर बाहेर पडतं.

"तो थर म्हणजे तुमच्या हंड्याचं बूड आहे," सर म्हणाले. "त्याला धक्का लावू नका."

नमुना तपासायला पाठवला. अहवालात क्षार ठीक होते, जंतू आढळले होते. झरा उघडा होता आणि गुरं तिथंच पाणी पीत. सरांनी उपाय सांगितला: फटीपर्यंत हातानं खणून बंद टाकी बांधा, कुंपण घाला. शिवाय वर्षभर धार मोजा, कारण परवान्यासाठी पाणी बारमाही सारखंच असल्याचं दाखवावं लागेल. मी वही केली. दिवाळीत बादली तीन मिनिटांत भरली. होळीला नऊ मिनिटं लागली.

नऊ मिनिटं ऐकून दादा दोन दिवसांत बोअरवाल्याला भेटून आले. बंद तोंडाचा बोअर केला की जंतू जातील आणि धारही वाढेल, असं त्यानं सांगितलं होतं.

"आधी सरांना विचारू," मी म्हणालो.

"सर मेहकरात बसून राह्यले बे. उन्हाळा इथं येऊन राह्यला."

लाल थर पन्नास फुटांच्या खाली असावा, असा सरांचा अंदाज होता. तो मी दादांना सांगितला. चाळीस फुटांवर थांबायचं ठरलं. लाल धूळ दिसली तर काय करायचं, यावर आम्ही बोललो नाही.

सोमवारी नऊ वाजता बोअरची गाडी सुरू झाली. धूळ काळी येत होती. नऊ चाळीसला ती लाल झाली. वीस-वीस फुटांच्या रॉडवरच्या खडूच्या खुणेनुसार खोली अठ्ठावीस फूट होती. दादा पाठमोरे फोनवर बोलत होते.

"गेरू लागला! आता पानी लागते, भाऊ," बोअरवाला ओरडला.

लाल धूळ म्हणजे सरांनी सांगितलेला तो थर, हे मला माहीत होतं. मी वहीत लिहिलं: '९.४०. २८ फूट. लाल.' गाडी थांबवा म्हणालो नाही. दुसरा रॉड पूर्ण उतरल्यावर म्हणालो. तेव्हा चाळीस फूट झालेच होते आणि गाडी तशीही थांबली. बोअर कोरडा होता.

अडीच वाजता वहिनी हंडा घेऊन आल्या. फट ओली होती, धार नव्हती.

"भाऊजी, पानी कुठी गेलं?"

"खाली."

"मंग आना ना वर."

बुधवारी सर आले. पाणी छिद्रातून लाल थराखालच्या भेगांत उतरलं, ते किती खोल गेलं हे सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून बोअर सिमेंटनं बुजवला. धार आली नाही.

त्या संध्याकाळी दादांनी वही मागितली. सोमवारचं पान वाचलं.

"लाल आलं तवाच लिहून राह्यला होता तू हे?"

"हो."

त्यांनी वही परत दिली.

श्रावणात फटीतून आठ दिवस थेंब पडले. तासाभरात बादलीचा तळही झाकला गेला नाही. दादा अजून दुसऱ्याच्या प्लांटचे जार पोचवतात. त्यांतला एक रोज घरी उतरवतात. वहीतली शेवटची नोंद पोळ्याची आहे: 'सकाळी ७. फट कोरडी.'