आत्तापुरतं

नकाशे छापणाऱ्या कचेरीत संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपकाका म्हणत. एखादी डिस्क जरा कुरकुरली की काका तिला ‘फक्त वाचा’ करून मोकळे. मग नकाशे हवे तितके बघा, पण त्यात एक रेघ ओढायची तर काकांचे पाय धरा. काका मोठ्या मनाने कुलूप काढून देत, तेही चालू यंत्रापुरतं. सेटिंगच्या फाइलीत काही लिहीत नसत. त्यामुळे यंत्र बंद होऊन चालू झालं की कुलूप पुन्हा जागच्या जागी. लोक मेटाकुटीला येत आणि काका त्याला शिस्त म्हणत.

घरीही तोच कारभार. आई गेल्यावर तिच्या आवाजाची रेकॉर्डिंग असलेली डिस्क काकांनी तडक ‘फक्त वाचा’ केली होती. आता काकूंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढे आवाज असाच राहील, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. दूर राहणाऱ्या नातीसाठी काकूंना त्याआधी त्याच डिस्कवर गोष्टी सांगून ठेवायच्या होत्या. सकाळी काकांनी कुलूप काढलं आणि कामावर गेले. मध्येच वीज गेली, आली. काकू दुपारभर बोलल्या आणि शेवटी डिस्कने काही ठेवून घ्यायला साफ नकार दिला. सगळं बोलणं वाया गेलं.

काका परतले तेव्हा काकू भाजी निवडत होत्या.

“तुमचं सगळं आत्तापुरतंच असतं,” त्या म्हणाल्या. “आणि माझा आवाजही आता आत्तापुरताच आहे.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आईच्या रेकॉर्डिंगची वेगळी प्रत काढली, फाइलीत लिहून डिस्क कायमची खुली केली, यंत्र बंद करून चालू करून पाहिलं. एवढी साधी प्रत काढायचं आपल्याला आजवर सुचलं नाही, हे कचेरीत कळू नये एवढंच त्यांना वाटत होतं.

काकूंनी त्यांना बाहेर काढून दार लावलं. काका दाराला कान लावून उभे राहिले. गोष्ट त्यांच्याच लग्नाची निघाली. घराला कुलूप नीट लागलं का, हे बघायला नवरदेव अर्ध्या वाटेतून परत गेला आणि लग्नाला तासभर उशिरा पोचला म्हणे. काका उखडले. तासभर कुठला, जेमतेम अर्धा तास. दार वाजवायला त्यांनी हात उचलला.

आत काकू हसल्या, जराशा बसक्या आवाजात. काकांनी हात खाली घेतला आणि नुसतं ऐकत राहिले.