धोंडुबाईंनी वेचलेला तांदूळ

दोनशे मेंढरांत शिरलेलं एक परकं मेंढरू धोंडुबाईंना नजर टाकताच कळायचं. आटपाडीकडच्या माळावर त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. अक्षर येत नव्हतं, पण डोळा असा की मी शिकवायचे त्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी हेवा करावा. पुढं मेंढरं विकली, मुलगा मल्हार कुपवाडला एका कारखान्यात लागला, आणि सून मंगल गरोदर राहिली तेव्हा तिला सांभाळायला धोंडुबाई त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आल्या.

मंगलला बाजरीचा वाससुद्धा सोसेना. भाकरी पुढं आली की उलटी. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनीही तेच, म्हणून तिनं त्या फडताळात सरकवून दिल्या. पोटात टिकायचा तो फक्त भात. धोंडुबाईंकडं भात पाहुणा आला तरच शिजायचा. तरी रेशनचा तांदूळ आणून त्या दोन्ही वेळ मऊ भात करू लागल्या. आणि त्या तांदळात त्यांच्या डोळ्याला परकं मेंढरू दिसलं.

शंभरात एखादा दाणा वेगळा. जरा पिवळसर, फार गुळगुळीत, पाण्यात टाकला तर कधी वर येणारा. रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात, अशी बोलवा गल्लीत होतीच. मग रोज सकाळी उंबऱ्यात ताट घेऊन बसायचं आणि तो एकेक दाणा वेचून टाकायचा. बाकीच्या बायका कंटाळल्या. यांनी पाच महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. वेचलेले दाणे शेजारच्या कोंबड्यांनाही घातले नाहीत, मुकं जनावर मरेल म्हणून. मंगल म्हणायची, आत्या, ऱ्हाऊ द्या की चार दाणं. त्या तिला गप्प बसवायच्या.

मंगलच्या अंगात रक्त कमी होतं, हे नर्स सांगत होती. बाळंतपणात रक्तस्राव झाला आणि होतं तेवढं पुरलं नाही. मुलगी वाचली. मंगल तेवीस वर्षांची होती.

यातलं मला काही माहीत नव्हतं. महिन्याभरानं तिथल्या बचतगटानं मला भाषणाला बोलावलं. गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला अशी बोलावणी येतात. मी पाच वाट्या मांडल्या आणि फळ्यावर तक्ता काढला. पिष्ट सगळ्यांत जवळपास सारखंच, फरक कोंड्याचा. हातसडीच्या आणि लाल तांदळात कोंडा राहतो, म्हणून चोथा आणि ब जीवनसत्त्वं राहतात. पांढऱ्याशुभ्र कोलमला पॉलिश करताना ती निघून जातात. उकडा तांदूळ टरफलासकट उकडतात, त्यामुळं त्यातली काही दाण्यात मुरतात. पाचवी वाटी रेशनची. त्यातला एक दाणा चिमटीत धरून सांगितलं, हे प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-बारा घालून केलेला हा दाणा. फळ्यावर त्याच्यापुढं एकच शब्द लिहिला, मोठ्या अक्षरांत.

गटातली सुलाबाई म्हणाली, आमी तर लय दिवस वेचून टाकत हुतो. मी म्हटलं, उद्यापासून नवऱ्यांना वेचून टाका, तांदूळ राहू द्या. बायका खळखळून हसल्या.

मागं एक म्हातारी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. ती उठली.

"त्या दाण्याम्होरं काय लिवलंय, बाई?"

"रक्त," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं. मी वैतागून पुन्हा सांगितलं. ती खाली बसली. चहाच्या वेळी सुलाबाईनं मला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी धोंडुबाईंच्या घरी गेले. खोटा दिलासा मला जमत नाही, म्हणून खरं तेच बोलले. त्या दाण्यांतलं लोह थोडं असतं. मंगलला गोळ्या हव्या होत्या, वेळेवर रक्त चढवायला हवं होतं. नुसत्या भातानं ती वाचली नसती. शब्द न् शब्द बरोबर होता. धोंडुबाईंनी बाळाला थोपटत सगळं ऐकून घेतलं.

"मग ह्ये काल फळ्यावर का न्हाई लिवलं?" त्या म्हणाल्या.



नात सहा महिन्यांची झाली तेव्हा मल्हार उष्टावणाला बोलवायला आला. मी जरा लवकरच पोचले. धोंडुबाई उंबऱ्यात ताट घेऊन बसल्या होत्या, तशाच, बोटं चालू. शेजारी एक वाटी होती, निम्मी भरलेली. आठ दिवस वेचून त्यांनी ते लोहाचे दाणे वेगळे काढले होते. पोरीची खीर नुसत्या त्यांचीच करायची होती.

आता मात्र बोलणं भागच होतं. मी म्हटलं, "धोंडुबाई, नुसते नाही द्यायचे. एवढं लोह बाळाला बाधतं. शंभरात एक, तेवढंच बरोबर."

त्यांची बोटं थांबली.

"ह्ये बी चुकलं व्हय, बाई?"

मी खाली बसले. तांदळाचा डबा ओढून त्यात वाटी पालथी केली, आणि आम्ही दोघी हात घालून तांदूळ खालवर करत राहिलो. थोड्या वेळानं मला ते दाणे ओळखू येईनात. धोंडुबाईंना मात्र ते एकेक दिसत होते.