भट्टीवरून आलेलं सूप

मी घरी फ्रेंच जेवण रांधायची असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बाप्पा. रायपूरच्या गुढियारीतल्या दोन खोल्यांत, एक गॅस आणि एक वातीचा स्टोव्ह, एवढ्यावर मी ते रांधलं. आणि चांगलं रांधलं, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

पुस्तक रद्दीवाल्याकडे मिळालं होतं. इंग्रजी, जाडजूड, पानोपानी फोटो. राजेरजवाड्यांचं जेवण नव्हतं त्यात. गल्लीतल्या खानावळीत फ्रेंच माणूस दुपारी जे खातो, ते होतं. म्हणून तर मला जमलं. कांद्याचं सूप म्हणजे काय, तर कांदा उभा चिरून तासभर मंद आचेवर परतत बसायचं, तांबूस-काळा होईस्तोवर. आता हे वऱ्हाडातल्या बाईला शिकवता का? आमच्या रश्श्याचा कांदा भाजण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मग वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. तो म्हातारा आणि चिवटच पाहिजे, असं पुस्तक म्हणे. तसला गावठी कोंबडा अभनपूरच्या बाजारात मिळे. वाइनची बाटली आमचे हे डब्याच्या पिशवीत पेपरात गुंडाळून आणत आणि घरात शिरताना शेजाऱ्यांच्या दाराकडे बघत.

हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क. राज्य नवं झालं, रायपूर एकाएकी राजधानी झालं, आणि भोपाळहून साहेब लोक येऊ लागले. त्यातले एक साहेब यांच्या कचेरीत आले. एक दिवस हे चहा पिता पिता म्हणाले, "साहेबाच्या मॅडम नव्या गेस्ट हाउसचं रसोडं लावून राहिल्या. इंग्रजी जेवण जाणणारं माणूस पाहिजे म्हणतात. भेटूनच नाही राहिलं."

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. मॅट्रिकनंतर लग्न झालं, वीस वर्षं दुसऱ्यांसाठी चुलीपुढे उभी राहिले, पण माझ्या हाताला पगार मिळू शकतो हे तोवर मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना जेवायला बोलवा. मी रांधते. खाऊन पाहू द्या, मग माझं नाव सांगा."

"सांगतो ना," हे म्हणाले. "काहून नाही सांगणार?"

चार दिवस मी तयारी करत होते. हाडांचं पाणी आटवलं, कोंबडा आदल्या दिवशी वाइनमध्ये घातला, बटाटे साय आणि लसणात शिजवले. अडलं ते सूपपाशी. वाडग्यात सूप, त्यावर शिळ्या पावाचा तुकडा, त्यावर डब्यातलं चीज, आणि मग वरून आच देऊन ते लाल करायचं. ओव्हन कुठून आणू? पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दिवाळी आली की सगळ्या बाया नानकटाईचं पीठ मळून बेकरीत नेतात आणि भट्टीत भाजून आणतात. मीही तेच ठरवलं. चिनी मातीचे वाडगे बेकरीवाल्या भैयाकडे नेऊन दिले.

"दीदी, भट्टी में सूप?" तो डोळे फाडून बघत राहिला.

"हव भैया. ऊपर से लाल होना, बस. सात बजे घर ले आना."

भैया शब्दाचा पक्का. बरोब्बर सातला पत्र्याचा ट्रे, वर पांढरं फडकं, असा सायकलरिक्षातून उतरला. आणि बरोब्बर सातलाच साहेबांची जीप दारात थांबली. मॅडमनी ट्रे पाहिला, वास घेतला आणि हसून यांना विचारलं, "अरे, बाहर से मंगवाया आपने?"

मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. यांनी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग साहेबांच्या बुटांकडे. आणि म्हणाले, "जी मॅडम. स्टेशन के पास होटल है, वहां का खानसामा बनाता है."

माय! माझे कान तापले. भैया बिचारा काही बोलायला गेला, तर यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर काढलं.

ते जेवले. मी वाढलं. मॅडमनी वाडग्याच्या कडेला चिकटलेलं चीजसुद्धा चमच्याने खरवडून खाल्लं. म्हणाल्या, असं सूप दिल्लीतही खाल्लं नाही. मग कोंबडा दुसऱ्यांदा घेताना म्हणाल्या, "उस खानसामे को मेरे पास भेजिए. गेस्ट हाउस के लिए ऐसा ही हाथ चाहिए."

तो हात त्यांच्या ताटात वाढत होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोलले. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू नये, हे आईने इतकं घोटून शिकवलं होतं की जीभच उचलली नाही. यांचा राग येतो त्याहून जास्त मला त्या जिभेचा येतो.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "काहून सांगितलं तसं?"

"अवं, साहेबाले घरचंच खाऊ घातलं म्हटलं असतं तर काय इज्जत राहिली असती? लोक हॉटेलात नेतात त्यायले."

"अन् मी?"

"तू तर घरचीच आहेस."

"मग उद्या खरं सांगा."

"आता कसं सांगू? साहेब म्हणतील, पहिल्यांदा घरी बोलावलं अन् खोटं बोलला."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. विकायला तर ठेवावं लागतं ना आधी! मी एकदा चांगलं लुगडं नेसून मॅडमच्या बंगल्यापर्यंत गेलेही. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "क्या काम है?" खरं सांगितलं तर यांच्या नोकरीचं काय होईल, हे तिथे उभ्या उभ्या आठवलं. म्हटलं, "कुछ नहीं," आणि परतले. पंधरा दिवसांनी गेस्ट हाउसवर कोणीतरी हॉटेलातला खानसामा लागला. ही बातमीही यांनीच आणली, चहा पिता पिता.

पुस्तक मी रद्दीत परत घातलं. त्या वाडग्यांत दह्याला विरजण लावू लागले.

यांच्या रिटायरमेंटला कचेरीतले दहा-बाराजण घरी जेवायला आले. पोळीभाजी, वरण, वडे. हे खुशीत होते. तेवढ्यात एकाने बायकोच्या हातच्या बिर्याणीची तारीफ केली, तर हे छाती फुगवून म्हणाले, "अरे, आमच्या घरी तर फ्रेंच जेवण बनत होतं! आपल्या मोठ्या साहेबाच्या मॅडमनी बोटं चाटली होती. विचारा हिले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी विचारत होते! मी वरणाचं पातेलं खाली ठेवलं.

"छे हो," मी म्हटलं, "मला कुठलं येतं? स्टेशनजवळच्या हॉटेलातला खानसामा होता तो. यांनीच तर सांगितलं होतं साहेबांना."

कोणाला काही कळलं नाही. यांना कळलं. घास हातातच राहिला, मान खाली गेली. मी विचारलं, "वरण वाढू का अजून?"