गंदन्याचा वाफा

खराडीत आता शेत म्हटलं की लोक हसतात. चारी बाजूंनी काचेच्या इमारती आणि मध्ये आमच्या घरामागचा एवढासा तुकडा. एका संस्थेचे सर आले. म्हणाले, अफगाणिस्तानातून आलेली काही कुटुंबं परत जाऊ शकत नाहीत. त्यांनी आणि गावातल्या बायकांनी मिळून इथे घरापुरती भाजी पिकवावी. बियाणं, खत, पाण्याची सोय संस्था करेल. मला पटलं. मी जमीन दिली, अगदी मनापासून दिली.

त्या अफगाण कुटुंबांतल्या एकीने कडेचा वाफा घेतला आणि गंदना लावला. लसणाच्या पातीसारखी दिसणारी त्यांच्याकडची भाजी. बी तिने येताना बरोबर आणलं होतं, ते सगळं पेरून संपवलं. गंदना रुजायला फार वेळ घेतो, पण एकदा रुजला की वर्षानुवर्षं कापत राहायचं. उपटायचं मात्र नाही. आमच्या बायका शेजारची मेथी मुळासकट उपटून जुड्या बांधायच्या, तेव्हा ती कपाळाला हात लावायची. तिच्या पोरांच्या पोटात रोज काही हिरवं जायचं ते त्या वाफ्यामुळेच. आम्हीही तिच्याकडून पात घरी न्यायचो.

मग संस्थेचा कार्यक्रम ठरला. पाहुण्यांना आपल्या भाजीच्या जुड्या भेट द्यायच्या होत्या. मी सरांना बजावलं, "गंदना विळ्याने कापा हं, उपटू नका."

"अहो मॅडम, हे काय सांगायला हवं?" सर म्हणाले.

मांडव आमच्या दारात होता. तिला शाल, श्रीफळ दिलं. मी शेजारी बसून तिला भाषणं हिंदीत समजावत होते. सर इतक्या वेळा 'माती' म्हणाले, की वाटावं रोज सकाळी खुरपणी करूनच कचेरीत जातात. ती खुशीत टाळ्या वाजवत होती. पाहुणे जुड्या घेऊन गाड्यांकडे निघाले आणि मला त्या जुड्यांखाली लोंबणाऱ्या पांढऱ्या मुळ्या दिसल्या. तिलाही दिसल्या. आम्ही घरामागे धावलो. वाफ्यात नुसते खड्डे उरले होते.

"सरच म्हणले, मुळासकट काढा, फोटोत ताजी दिसती," शेजारीण म्हणाली. "मग आम्ही काय करनार?"

सरांना गाठलं, तर म्हणाले, "एवढं काय, मॅडम? पालक लावू, लवकर येतो." मी त्यांना फाटक दाखवलं. त्यांनी बॅनर शांतपणे गुंडाळला.

ती खड्ड्यांत बोटं घालून काही राहिलंय का बघत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आपको पता था?"

"नाही," मी म्हणाले. हिंदीतही म्हणाले. देवाची शपथ घेतली. तिने शाल ओट्यावर ठेवली आणि निघून गेली.

जमीन माझी. मांडव माझ्या दारात. उपटणाऱ्या बायका माझ्या गल्लीतल्या. आणि मागे वाफा रिकामा होत असताना तिला गोड बोलून खुर्चीत बसवून ठेवणारीही मीच. सरांनी मला बरोबर जागेवर बसवलं होतं. तिने माझं का खरं मानावं?

ती पुन्हा आली नाही.