निम्मी वाट त्यांची, निम्मी आमची

धुळ्याहून तलावाकडे पायी जायला त्या काळी तीन वाटा होत्या. एक टांग्याच्या रस्त्याने, धुळीची. ती तलावाच्या भिंतीच्या अलीकडच्या टोकाशी संपायची. दुसरी माळावरून, जवळची, पण दगडगोट्यांची, वहाणेचा अंगठा तोडणारी. तिसरी पांझरेच्या काठाने बंधाऱ्यापर्यंत आणि तिथून पाटाच्या कडेने थेट तलावाच्या मागच्या अंगाला. ही सगळ्यांत लांब, पण सावलीची. एका हाताला पाटाचं पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, चढ नाही, आणि मूल घसरलं तर गुडघाभर पाण्यात पडणार. आता कोणी नातवंडांना घेऊन जायचं म्हणून मला विचारतो तेव्हा मी तिसरी सांगतो. सोबत म्हातारं माणूस आहे का, तेही विचारून घेतो.

स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांनी, एका कार्तिकात, मी त्याच वाटेने माझ्या आईला चालवलं.

मी सरकी-पेंडीचा व्यापारी. धुळ्याच्या स्टेशनावर भाजलेल्या शेंगा विकत सुरुवात केली आणि पेठेत दुकान घेईपर्यंत कोणाचा हात लागला नाही. वडील गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा विहिरीचं शेत मोठ्या भावाकडे राहिलं आणि मला माळाकडचा तुकडा आला. मी बोलायला उठलो, तर भाऊ पंचांपुढे म्हणाला, "त्याले दुकान शे. त्याले इहीर कसाले जोयजे?"

जणू दुकान मला कोणी आंदण दिलं होतं. मी पंचांच्या देखत पागोटं आपटून निघून आलो. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो तलावापलीकडच्या आमच्या गावात, मी शहरात. आई माझ्याकडे असे.

कार्तिकात आवळीच्या झाडाखाली बसून जेवायची आमच्याकडे रीत आहे. आई त्या वर्षी हटून बसली की आवळीभोजन दोन्ही लेकांनी एका पंगतीत करायचं. तिने उपास धरला नाही की रडली नाही. फक्त रोज संध्याकाळी, मी दुकान बंद करून पाय धुवायला बसलो की, तोच विषय काढायची. पंधरा दिवसांनी मी थकून हो म्हणालो.

हो म्हणालो, पण अटी घालून. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निरोप घेऊन जा-ये करू लागला. भावाने सांगितलं, आपल्या शेतात आवळी आहे, तिथेच या. मी त्या शेतात पाय ठेवणार नव्हतो. मी सांगितलं, तलावाच्या शहराकडच्या टोकाला एक झाड आहे, तिथे या. तो म्हणाला, ती बाजू तुझी झाली. मामाच्या चपला झिजल्या. एकदा तो वैतागून म्हणाला, की तुम्हा दोघांना बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला बसवलं तर माल सडेल पण सौदा पटायचा नाही.

शेवटी ठरलं ते असं: तलावाच्या मागच्या अंगाला, पाट जिथे तलावात पडतो, तिथे आवळीची तीन झाडं आहेत. निम्मी वाट त्यांची, निम्मी आमची. मी मामाच्या शब्दावर विसंबलो नाही. एका सुट्टीच्या दिवशी स्वतः दोन्ही बाजू पावलांनी मोजून आलो. त्याची बाजू माझ्यापेक्षा थोडी जास्तच भरली. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती पीठ मळत होती. ती म्हणाली, "अहो, पावलं तुमची मोजलीत. सासूबाईंची मोजलीत का?"

मी तिच्यावर खेकसलो.

जेवणाची वाटणी मात्र आईने केली आणि त्यात कोणाला बोलू दिलं नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आमच्या, भरताची वांगी आणि तेल-मिरची त्यांची. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

त्या दिवशी सकाळी टांगा नदीच्या घाटापर्यंत घेतला आणि तिथे सोडून दिला. दिवसभर टांगा थांबवून ठेवणं मला पटत नसे. बायकोच्या डोक्यावर भाकरीची पाटी, नऊ वर्षांच्या मोठ्या मुलीच्या हातात पाण्याची कळशी, पाच वर्षांची धाकटी माझ्या खांद्यावर. आई मागे, काठी टेकत. पांझरेला पाणी नितळ होतं, काठावर करंजाची सावली होती. धाकटी वरून बगळे मोजत होती आणि वीसच्या पुढे येत नसल्याने पुन्हा एकपासून सुरू करत होती. पहिला पाव कोस मला बरं वाटलं. सहा वर्षांनी भाऊ माझ्या बरोबरीने चालून येणार होता.

मग वाटेत काठ खचलेला लागला. पावसाळ्यात पुराने पायवाट नेली होती. मी मोजायला आलो तेव्हा उडी मारून पलीकडे गेलो होतो आणि विसरलो होतो. आता खाली वाळूत उतरून पुन्हा वर चढावं लागलं. आईला मी नि बायकोने दोन्ही काखांत धरून चढवलं. वर आल्यावर ती नुसती उभी राहिली आणि लुगड्याच्या पदराने मान पुसली. त्यानंतर ती दर वीस-पंचवीस पावलांवर थांबू लागली. मी पुढे जाऊन थांबायचो, परत यायचो, पुन्हा पुढे जायचो. माझी चाल दुप्पट झाली आणि डोकं तापलं. आवळीखाली भाऊ आधी पोचणार, आणि मी उशिरा आलो असं होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बंधाऱ्याशी आलो तेव्हा उन्हं वर आली होती. बंधाऱ्यावरून पाणी पातळ पडत होतं, खाली सपाट वाळू होती. आई एका दगडावर बसली आणि काठी आडवी ठेवली. मी म्हणालो, आता पाटाची वाट सरळ आहे, कोसभर राहिलं, ऊठ.

"तुम्हनं दोन्हीस्नं ठरनं," आई म्हणाली. "मन्हा पायस्ले कोन्ही इचारं का?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने तोंड फिरवून मुलींना पाणी दिलं.

तिथून परत फिरता आलं असतं. ते सोपं होतं, आणि दोष वाटेवर टाकता आला असता. पण आई घाटापर्यंत परत चालण्याच्या अवस्थेत नव्हती आणि पाटीत नुसत्या कोरड्या भाकरी होत्या. मी एकटा पाटाच्या कडेने निघालो. कोसभर सावली होती, पाणी संथ वाहत होतं. पुढे त्या वाटेने मी अनेकदा फिरलो आहे, इतकी चांगली वाट धुळ्याजवळ दुसरी नाही. त्या दिवशी मात्र पाय ओढत होतो. दर पावलाला मनात वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात भाऊच आधी बोलायचा.

आवळीखाली धूर दिसला. वहिनी तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. भाऊ झाडाला टेकून बसला होता आणि जवळच त्याची बैलगाडी सोडलेली होती. त्याच्या बाजूने झाडापर्यंत गाडीवाट होती. मी पावलं मोजली होती, गाडीची चाकोरी पाहिली नव्हती.

त्याने मला एकटं येताना पाहिलं आणि उठला नाही.

"आवळीखाले ठरनं व्हतं ना?" तो म्हणाला. "आते तूच मोडस का?"

रागाने माझे कान तापले. परत फिरलो असतो, पण पाय इतके थकले होते की फिरायचंही बळ नव्हतं. मी म्हणालो, "माय बंधारावर बशेल शे. तिले चालता येत नही."

तो उठला. मग टोपी झटकत म्हणाला, "पानी पिनी का?"

मी होकाराची मान हलवली. सहा वर्षांनंतर आमचं एवढंच बोलणं झालं. त्याने बैल जुंपले, वहिनीने भाजलेली वांगी परातीत घेतली. निघता निघता त्याने आवळीची एक पानाफळांची फांदी तोडून गाडीत टाकली. पाटाच्या कडेने गाडी जाईना, म्हणून त्याने ती गाडीवाटेने वळसा घालून नदीत उतरवली आणि उथळ पात्रातून थेट बंधाऱ्यापाशी आणली. मी मागे बसलो होतो.  वहिनीने मला परात धरायला दिली, ती गरम होती.

बंधाऱ्याखालच्या वाळूत भावाने ती फांदी रोवली. आईने तिला हळदकुंकू वाहिलं आणि आम्हाला दोघांना शेजारी बसवलं. भाकरी आमच्या, भरीत त्यांचं. भरीत झकास होतं. वहिनी हसून म्हणाली, शहरातल्या भाकरी बारीक झाल्या हो भाऊजी. बायकोही हसली. मी आणि भाऊ एका पंगतीत जेवलो, पण विहिरीचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही नाही. आई दोघांच्या ताटांकडे बघत होती. स्वतः फार जेवली नाही.

उन्हं कलली तशी निघायची वेळ आली. आईला चालवणं शक्य नव्हतं. गाडी पात्रातून घाटापर्यंत आणि तिथून शहरात सहज आली असती. फक्त म्हणायला हवं होतं. मी बैलांकडे पाहत उभा राहिलो. भाऊ जू ठीक करत राहिला. त्याने विचारावं म्हणून मी थांबलो होतो, आणि मी मागावं म्हणून तो. गिऱ्हाईक आधी बोललं की भाव पडतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बराच वेळ गेला. धाकटी झोपेला आली आणि बायको मला डोळ्यांनी खुणावू लागली. तरी मी बोललो नाही.

आई उठली. भावाचा हात धरून गाडीत बसली.

"मी चार दिन याना घर राहस," ती मला म्हणाली. "तू पोरीस्ले ली जाय. दमन्यात त्या."

आम्ही खचलेल्या काठाने परत आलो. धाकटी खांद्यावर झोपली होती आणि तिचं ओझं सकाळपेक्षा दुप्पट वाटत होतं. घाटावर टांगा मिळाला नाही. पेठेच्या तोंडाशी आलो, तेव्हा बायको म्हणाली, "गाडीचं एवढं विचारलं असतं तर?" मी धाकटीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

आई चार दिवसांनी आली नाही. माणूस पाठवला तेव्हा तिने सांगितलं, गुडघे बरे झाले की येते. गुडघे बरे झाले नाहीत. सणावाराला आली, दोन रात्री राहिली, परत गेली, आणि शेवटपर्यंत तिकडेच राहिली. भावाने विहीर घेतली ती घेतली, आईही ठेवून घेतली, असं मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. नातेवाईक माना डोलवायचे. त्या संध्याकाळी मी गाडी मागितली नव्हती, हे मात्र त्यांतल्या एकालाही सांगितलं नाही.