शिंपीकाकांनी फोडलेली काच

शिंपीकाकांचा आवाज चढलेला त्या इमारतीत कुणी ऐकला नव्हता. तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन आणि कापायचं लांब टेबल, मागच्या खोलीत संसार. पुढच्या खोलीची खिडकी थेट आवारात उघडायची. येणारा-जाणारा त्या खिडकीतूनच कपडे आत सरकवायचा आणि काका मान न उचलता "ठेवा" म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "बघतो हां." पोरांचा चेंडू आत आला तर तो हलकेच बाहेर टाकत आणि वर "जपून रे बाळांनो" म्हणत. नवीन भाडेकरू आला की जुने त्याला सांगत, इथे काही अडलं तर शिंपीकाकांकडे जा, देवमाणूस आहे.

त्यामुळे त्या सकाळी खिडकीतून कापड दाबायचं लोखंडी वजन भिरभिरत बाहेर आलं आणि सिस्टरच्या गाडीच्या मागच्या काचेवर आदळलं, तेव्हा ते काकांनी फेकलंय हे आधी कुणाला पटेचना.

सिस्टर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची नर्स. एकटी राहायची, मोठ्या दवाखान्यात कामाला होती. तिनं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. चालवायला ती चांगली शिकली होती, पण मागे घेताना अजून तिची तारांबळ उडायची. म्हणून तिनं गाडीला रिव्हर्सचं गाणं बसवून घेतलं होतं. रोज सकाळी ते किणकिणतं गाणं आवारभर वाजायचं आणि गाडी मुंगीच्या पावलानं मागे सरकायची.

ती सरकत असतानाच वजन आदळलं. मागची काच तडकली नाही, एकदम विस्कटली. पांढऱ्या खड्यांचा सडा मागच्या सीटवर पडला आणि काही खडे उडून पुढे सिस्टरच्या केसांत गेले. गाडी थांबली तरी गाणं वाजतच राहिलं. सिस्टर दार उघडून खाली उतरली. तिनं आधी काचेच्या जागी झालेल्या भगदाडाकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

खिडकीत काका उभे होते. हात अजून वरच होता.

माणसं गोळा झाली. काकांच्या तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजीच बोलल्या, "अहो, बिचाऱ्याच्या बायकोच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. रात्र रात्र जागतोय. नुकता तिचा डोळा लागला असेल आणि हे गाणं सुरू झालं. माणूसच आहे तो."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी "खरंय, खरंय" म्हणालं. सिस्टरनंही खांद्यावरचे खडे झटकले आणि ती म्हणाली, "काका, चुकलंच माझं. काकूंची झोपमोड होते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उद्यापासून गाणं बंद."

त्याच क्षणी काकांनी "नाही, तसं नाही" म्हणायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण समोर सगळी इमारत दयेनं बघत उभी होती आणि त्या दयेत शिरून लपायला किती सोपं होतं! काकांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बिचारा पस्तावलाय. "काच मी बसवून देतो," एवढंच ते कसंबसं बोलले आणि आत वळले.

मागच्या खोलीत काकू पलंगावर टक्क जाग्या होत्या.

"काय हो," त्या म्हणाल्या, "मी झोपले होते?"

काका सुईत दोरा ओवायला लागले. दोरा काही जाईना.

"मी पहाटेपासून जागी आहे. आणि ते गाणं मला आवडतं. सिस्टर निघाली की कळतं, चला, दिवस सुरू झाला. तुम्हाला काय झालं होतं?"

"डोकं फिरलं," काका म्हणाले.

"ते दिसलंच. कशानं फिरलं?"

यावर काका दुकानात जाऊन बसले ते जेवायलाच आत आले.

कशानं फिरलं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सांगायची लाज वाटावी इतकं ते क्षुल्लक होतं.

गाडी आवारात आली तेव्हा तिची सीटं फाटकी होती, आतला स्पंज बाहेर आलेला. काकांनी खिडकीतूनच ती पाहिली होती आणि मनातल्या मनात मापंही घेतली होती. राखाडी जाड कापड, कडेला दुहेरी शिलाई, पाठीला एक खिसा. सिस्टर आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून ते वाट बघत होते. त्यांनी काकूंना म्हणूनही दाखवलं होतं, "पोर रोज तुला इंजेक्शन द्यायला येते, एका पैशाला हात लावत नाही. सीट कव्हरं मी अशी शिवून देईन की बघत राहील." पण आपणहून विचारायचं मात्र त्यांच्यानं होईना. इतक्या वर्षांचा कारागीर, तोंड वेंगाडून काम मागायचं म्हणजे काय!

आणि एका संध्याकाळी गाडी परत आली ती नवी कव्हरं चढवूनच. गडद मरून रंग, त्याला पांढरी किनार. सिस्टरनं हौसेनं त्यांना बाहेर बोलावलं. "काका, बघा ना, कशी झालीत?"

"छान," काका म्हणाले.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही, ती काकूंमुळे नव्हे. कुणी शिवली असतील? मला का नाही दिली? माझ्या दारातून रोज जाते आणि शिवायला भलत्याकडे? सकाळी गाणं सुरू झालं, गाडी मागे सरकत खिडकीसमोर आली आणि मागच्या काचेतून ती मरून पाठ दिसली. पुढचं त्यांच्या हातानं केलं.

काच फोडली त्या दिवशी, संध्याकाळी सिस्टरला कसं तोंड दाखवायचं, या विचारानं काका दिवसभर घामाघूम झाले होते. ती येणारच नाही असंही त्यांना वाटलं, आणि ती न आली तर बरं, असंही. पण ठरल्या वेळी कडी वाजली. सिस्टर आत आली, हात धुतले, काकूंच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि नेहमीसारखं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनचं इंजेक्शन दिलं. ती वाकली तेव्हा तिच्या वेणीतून काचेचा एक खडा पलंगपोसावर पडला. काकूंनी तो बोटानं उचलला आणि काकांच्या हातावर ठेवला.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुम्ही जरा झोपत जा हो," निघताना सिस्टर म्हणाली. "एवढी जागरणं बरी नाहीत."

काचवाला यायला आठवडा गेला. जुन्या गाडीची काच, ती शोधूनच आणावी लागली. तोवर सिस्टरनं भगदाडाला प्लास्टिक चिकटवलं होतं आणि गाडी निघाली की ते फडफडायचं. गाणं बंद होतं, त्यामुळे ती फडफड काकांना खिडकीत बसून नीट ऐकू यायची. आणि इमारतीतली माणसं तर जास्तच प्रेमानं वागायला लागली. कुणी काकूंना फळं आणून दिली, कुणी काकांना म्हणालं, "तुमचं कुणाला कळत नाही असं समजू नका." प्रत्येक गोड शब्दागणिक काका आणखी आक्रसत गेले. चोरीचा कोट घालून फिरावं आणि लोकांनी त्याच्या शिलाईचं कौतुक करावं, तसं त्यांना वाटत होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काचवाला आला. धिप्पाड, बोलका माणूस. नवी काच त्यानं गोधडीत गुंडाळून आणली होती. त्यानं जुन्या रबरातले उरलेसुरले तुकडे काढले, पत्र्याची कड पुसली, नवीन रबर काचेभोवती चढवलं. मग रबराच्या खाचेत एक बारीक दोरी चारी बाजूंनी दाबून बसवली आणि तिची टोकं गाडीच्या आत सोडली.

"आता एक माणूस आत लागेल," तो म्हणाला. "मी बाहेरून काच दाबतो. आतल्यानं दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावरून आत उलटते. माझा जोडीदार आज आला नाही. कुणाचा हात हलका आहे?"

"काकांचा," आजी वरच्या गॅलरीतून ओरडल्या. "शिंप्याचाच हात हवा."

काका मागच्या सीटवर चढले. मरून कव्हरांवर गुडघे टेकवून बसले. दोरीची टोकं हातात आली. काचेपलीकडे काचवाला आणि त्याच्या शेजारी सिस्टर, दोघंही तळवे काचेवर दाबून उभे. सिस्टरचा चेहरा काकांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता.

"ओढा. सावकाश. कापड फाडताय का? सावकाश!"

काकांनी दोरी सावकाश ओढली. रबर कडेवरून वळत, चुरचुरत आत येत गेलं. खालच्या कोपऱ्यात आलं तेव्हा त्यांची नजर सीटच्या शिवणीवर गेली. आठवडाभर ते स्वतःला समजावत होते की काम गचाळ असणार. शिवण सरळ होती. किनार सुरुवातीला जेवढ्या अंतरावर होती, शेवटपर्यंत तेवढ्याच अंतरावर गेली होती. खोड काढायला जागा नव्हती.

काच बसली. काचवाल्यानं कडेकडेनं थापटून पाहिलं. "आता दारं लावून आत बसा. बाई पाइपानं पाणी मारतील. कुठून झिरपलं तर सांगा."

दारं बंद झाली. सिस्टरनं पाइप धरला आणि काचेवरून पाण्याचा पडदा वाहायला लागला. आत पाण्याचा नुसता घोष. सिस्टर पाण्याआड अस्पष्ट दिसत होती. काकांना वाटलं, इथे बोलता येईल. कुणी बघत नाही, कुणी ऐकत नाही, फक्त तिला सांगायचं.

"सिस्टर," ते म्हणाले, "गाण्यामुळे नव्हतं ते."

तिनं कानामागे हात धरला. काय?

"काकूंची झोप वगैरे काही नव्हतं!"

तिनं मान हलवली. काही कळत नाही. झिरपतंय का, असं बोटानं विचारलं.

काकांनी सगळा जीव एकवटला. "सीट कव्हरं!" ते ओरडले. आणि नेमका त्याच वेळी काचवाल्यानं नळ बंद केला. "सीट कव्हरं दुसऱ्याकडून शिवून घेतलीस म्हणून मी काच फोडली!"

शेवटचे शब्द निथळत्या काचेतून आवारभर पसरले. गॅलऱ्यांतून माना बाहेर आल्या. आजींनी कानामागे हात धरून शेजारणीला विचारलं, "कशासाठी म्हणाला?" शेजारणीनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. काचवाल्याला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवून हत्यारं गोळा करायला घेतली.

काका दार उघडून उतरले. सिस्टर हसत नव्हती. आठवड्यात पहिल्यांदाच तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"मी सगळ्यांना सांगत फिरले," ती म्हणाली, "काकांना बोल लावू नका, त्यांची अवस्था बघा म्हणून. दवाखान्यातसुद्धा सांगितलं. मी गाडीत बसले होते काका. डोळ्यात गेली असती तर?"

"हो," काका म्हणाले.

"आणि तुमच्याकडे का नाही दिली विचारा ना. विचारा!"

तिनंच सांगितलं.

"माझा युनिफॉर्म कमरेत बारीक करायला दिलाय तुमच्याकडे. कधी दिला आठवतंय? 'बघतो हां.' मी दर वेळी काय ऐकते? 'बघतो हां.' मी दुसरा सैल युनिफॉर्म पिना लावून घालते. सीट कव्हरं दिली असती तर ती गाडी विकायची वेळ आली तरी मिळाली नसती."

गॅलऱ्यांतल्या माना खाली झाल्या. कारण इमारतीतल्या प्रत्येकाचं काही ना काही काकांच्या खुंटीवर लटकत होतं.

काकांना वाटलं, लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण माणसं एकेक करून आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी दयेनं बघेना. बोलणं तेवढ्यास तेवढं. खिडकीसमोरून जाताना एकदोघांनी आपले कपडे परत मागून नेले, शिवलेले-न शिवलेले.

काकूंनी सगळं पलंगावरून ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. जरा हळू सांगता आलं असतं."

सिस्टर संध्याकाळी आली. रोज येत राहिली. काकूंशी बोलायची, हसायची, काकांना "जरा बाजूला व्हा" म्हणायची. युनिफॉर्म त्यांनी त्याच रात्री बसून शिवला होता. तिनं तो घेतला, उलटा करून शिवण बघितली, पिशवीत टाकला. छान म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, "माझी ड्यूटी बदलतेय. संध्याकाळचं जमणार नाही. काका, इंजेक्शन तुम्ही शिकून घ्या."

ड्यूटी खरंच बदलली होती की तिला आता यायचं नव्हतं, हे काकांना कधी कळलं नाही. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी हात धुतले. सिस्टरनं त्यांच्या हातात सिरिंज दिली, त्यांचं मनगट धरलं आणि कोन दाखवला.

"सरळ आत. घाई नाही."

सुई गेली. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

दुसऱ्या दिवशी काकांनी एकट्यानं इंजेक्शन दिलं. कापूस दाबून धरलेला असताना काकू छताकडे बघत म्हणाल्या, "सिस्टरचा हात हलका होता हो."

"हो," काका म्हणाले. "होता."